पोलादाला पाणी देताना

मराठी माणसाने ‘पाणी’ हा शब्द कुठे कुठे वापरावा याला काही सुमार नाही. मोत्याला पाणी असते, घोडा पाणीदार असतो, प्रतिस्पर्ध्याचे पाणी जोखले जाते आणि वेळ आलीच तर त्याला पाणी पाजलेही जाते. यांतले तलवारीचे पाणी मात्र निव्वळ अलंकारिक नाही. ते खरोखरच पाण्यातून येते. तापवून लाल केलेले पोलाद पाण्यात बुडवून त्याला कडकपणा आणण्याच्या कामाला आपले लोहार पिढ्यान् पिढ्या ‘पाणी देणे’ असेच म्हणत आले आहेत.

पाथरवटाची बोथटलेली टाकी लोहाराकडे येते, तेव्हा तो काय करतो ते पाहण्यासारखे असते. भट्टीत टोक लालबुंद करून तो आधी ते घणाने ठोकून निमुळते करतो. मग पुन्हा तापवतो आणि फक्त दोन बोटे टोक पाण्यात बुडवतो. चर्रर्र आवाज होतो, वाफ उठते. लगेच टाकी बाहेर काढून तो तिचे टोक दगडावर घासून उजळवतो आणि टक लावून पाहत बसतो. मागच्या तापलेल्या दांड्याची ऊब हळूहळू टोकाकडे सरकत असते, आणि उजळलेल्या पोलादावर रंग उमटू लागतात. आधी वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. हवा तो रंग टोकापाशी पोचला की तो सबंध टाकीच पाण्यात सोडतो.

हे रंग म्हणजे त्याचे तापमापक. पिवळा सुमारे २२० ते २३० अंश सेल्सियसला दिसतो, जांभळा २८० च्या आसपास, निळा ३०० ला. पोलादाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो, तो जसजसा जाड होतो तसतसा रंग पालटतो. लोहाराने ऑक्साइडचे नाव ऐकलेले नसेल, पण एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक असते. पहिल्या पाण्याने टाकी कडक होते खरी, पण काचेसारखी. तशीच दिली तर पहिल्याच घावाला टोकाचा टवका उडेल. म्हणून कडक झालेल्या पोलादाला पुन्हा थोडी ऊब देऊन त्याचा ताठा उतरवावा लागतो. कडकपणा थोडा कमी होतो, त्याच्या बदल्यात चिवटपणा मिळतो. कडक तेवढे ठिसूळ आणि नरम तेवढे झिजणारे, या दोहोंच्या मधली जागा नेमकी गाठणे हीच त्याची सारी कारागिरी.

हीच कारागिरी आज कारखान्यांत टनावारी वजनाच्या ओतीव पोलादावर चालते. रेल्वेच्या रुळांचे सांधे, मालगाडीच्या वाघिणींना एकमेकींशी जोडणारे आकडे, खडी फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे, माती उपसणाऱ्या जेसीबीच्या पंजाचे दात, हे सारे बहुधा साच्यात ओतलेले पोलाद असते आणि त्याचा जीव असतो तो भट्टीतल्या या शेवटच्या संस्कारात. कारखान्यातली माणसे त्याला ‘हीट ट्रीटमेंट’ म्हणतात. ज्या वस्तूवर तो झाला आणि जिच्यावर झाला नाही, अशा दोन वस्तू शेजारी ठेवल्या तर साध्या डोळ्यांना त्यांत काही फरक दिसत नाही. फरक कळतो तो वस्तू मोडते तेव्हा.

घडीव आणि ओतीव

बीड आणि पोलाद यांत आपण घरात फारसा भेद करत नाही. बिडाचा तवा, पोलादाची सुरी, दोन्ही ‘लोखंडच’. वस्तुतः दोहोंतला फरक मुख्यतः कर्बाचा म्हणजे कार्बनचा आहे. बिडात तो साधारण तीन-साडेतीन टक्के असतो, तर ओतकामाच्या नेहमीच्या पोलादात अर्ध्या टक्क्याहूनही कमी. कर्ब जास्त म्हणून बीड लवकर वितळते आणि साच्याच्या कानाकोपऱ्यांत सहज शिरते, पण तेवढेच ते ठिसूळ. हातातून पडलेला बिडाचा तवा फुटतो हे गृहिणींना सांगायला नको. पोलाद मात्र वितळायलाच सुमारे १५०० अंश लागतात. ते ओतायचे तर त्याहूनही वर न्यावे लागते, आणि थिजताना ते इतके आकसते की लाकडी नमुना करणारा सुतार त्यासाठी शंभर मिलिमीटरला दोन मिलिमीटर जास्त धरूनच माप घेतो.

त्यामुळे पोलादाच्या वस्तू साच्यात ओतून करता येतील यावर एके काळी लोकांचा विश्वासच बसत नव्हता. जर्मनीतल्या बोखुम गावी याकोब मायर या कारखानदाराने पोलादाच्या घंटा ओतल्या आणि १८५५ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्या मांडल्या. प्रतिस्पर्धी आल्फ्रेड क्रुप याने, हे पोलाद नव्हेच, बीड आहे, असा आक्षेप घेतला. पाहून तर कोणालाच काही सांगता येईना. तेव्हा मायरने एक घंटा फोडायला लावली आणि तिचे तुकडे तापवून ऐरणीवर ठोकून दाखवले. बीड असते तर घणाखाली त्याचा चुरा झाला असता. तुकडे घडवता आले, आणि मायरची बाजू खरी ठरली.

ओतण्याचा फायदा उघड आहे. आतून पोकळ, बाहेरून वेडावाकडा, मध्येच जाड आणि मध्येच पातळ, असा कसलाही आकार एका ओतात मिळतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. ही किंमत समजून घ्यायची तर स्वयंपाकघरात चला. साखरेचा दाट पाक न ढवळता कित्येक दिवस शांत ठेवला, तर त्यात खडीसाखरेचे मोठाले स्फटिक धरतात. तोच पाक घोटत घोटत झटपट निववला, तर बारीक दाण्याची साखर होते. पोलादही स्फटिकांचेच बनलेले असते. वाळूच्या साच्यात ते तासन् तास निवत राहते, आणि त्यामुळे त्याचा दाणा खडीसाखरेसारखा मोठा होतो. मोठ्या दाण्याचे पोलाद कमकुवत, कारण तडा एकदा सुरू झाला की त्याला अडवायला वाटेत सीमाच थोड्या असतात. शिवाय जाड भागाचा दाणा वेगळा, पातळ भागाचा वेगळा, आणि दोन्ही भाग मागेपुढे निवल्यामुळे आत ताण कोंडून राहिलेला.

घडीव वस्तूत हा दोष घणाखालीच जातो. तापवून ठोकता ठोकता मोठे दाणे मोडतात आणि त्यांच्या जागी बारीक दाणे येतात. ओतीव वस्तूला ठोकण्याची सोय नाही, कारण तिचा आकार आधीच पुरा झालेला असतो. घण चालवावा तर आकारच बिघडेल. तेव्हा आकाराला धक्का न लावता आतला दाणा बदलण्याचा एकच मार्ग तिच्यापुढे उरतो, तो म्हणजे उष्णता. लोहाराच्या टाकीला घण आणि पाणी असे दोन गुरू लाभतात. ओतीव पोलादाला दुसराच काय तो लाभतो.

तोफा का फुटत?

उष्णता दाणा कसा बदलते, याचा उलगडा एका युद्धसामग्रीच्या कारखान्यात झाला. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या ओबुखोव्ह पोलाद कारखान्यात तयार होणाऱ्या तोफांपैकी काही तोफा उत्तम निघत, तर काही चाचणीतच फुटत. पोलाद तेच, कारागीर तेच. दिमित्री चेर्नोव्ह नावाचा तरुण अभियंता या कोड्यामागे लागला. फुटलेल्या तोफांचा दाणा त्याला जाड दिसला, टिकलेल्यांचा बारीक. मग दोन्ही भट्टीत किती तापल्या होत्या याकडे त्याने लक्ष वळवले. त्या काळी इतकी उष्णता मोजणारे भरवशाचे साधन नव्हते, त्यामुळे तापल्या पोलादाच्या रंगावरूनच त्याने अंदाज बांधले. १८६८ मध्ये त्याने आपला निष्कर्ष मांडला. पोलाद तापत जाताना काही ठराविक तापमानांना त्याच्या अंतरंगात पालट होतो. त्यांतल्या एका बिंदूच्या खाली ते कितीही झटकन निववले तरी कडक होत नाही, आणि दुसरा बिंदू ओलांडला की जुना जाड दाणा मोडून नवा, बारीक दाणा जन्मतो. मात्र त्याच्या फार वर नेले तर तो नवा दाणाही फुगत जातो. कमी तापवणे निरुपयोगी आणि जास्त तापवणे घातक, हे तेव्हापासून शास्त्राने सिद्ध झाले.

त्याच सुमारास, १८६३ मध्ये, इंग्लंडच्या शेफील्ड शहरात हेन्री सॉर्बी हा भूशास्त्राचा अभ्यासक दगडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहता पाहता पोलादाकडे वळला होता. पोलादाचा तुकडा आरशासारखा घासायचा, त्याला सौम्य आम्ल लावायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, ही त्याची रीत. त्याला एक रचना दिसली, तिला शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी मोतिया चमक होती. पुढे तिचे नाव ‘पर्लाइट’ पडले. आजही जगातल्या प्रत्येक पोलाद प्रयोगशाळेत तुकडा तपासण्याची रीत मूलतः सॉर्बीचीच आहे.

आज हे सारे अणूंच्या पातळीवर सांगता येते. थंड लोखंडात अणूंची मांडणी अशी असते की कर्बाच्या अणूला बसायला जागा जवळजवळ नसतेच. सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवले की मांडणीच बदलते, अणूंमधल्या फटी मोठ्या होतात आणि कर्ब त्यांत मावतो. एखाद्या वाड्याचे दिंडीदरवाजे उघडावेत आणि बाहेर ताटकळलेले पाहुणे ओसरीवर, माजघरात, जिकडेतिकडे पसरावेत, तसेच हे. आता पोलाद सावकाश निववले तर दरवाजे हळूहळू बंद होतात, कर्ब शिस्तीत बाहेर पडतो आणि लोखंडाशी संयोग पावून त्याच्या आडव्या पट्ट्या तयार होतात. हेच सॉर्बीचे पर्लाइट. पण पोलाद एकदम पाण्यात टाकले तर दरवाजे धाडकन मिटतात आणि पाहुणे आतच अडकतात. कोंडलेल्या कर्बामुळे सगळी मांडणी ताणली जाते आणि कोणताच थर दुसऱ्यावरून सरकू शकत नाही. हाच कडकपणा, आणि हाच ठिसूळपणाही. या रचनेला जर्मन अभियंता आडोल्फ मार्टेन्स याच्या नावावरून ‘मार्टेन्साइट’ म्हणतात. लोहाराची दुसरी ऊब म्हणजे अडकलेल्या पाहुण्यांपैकी काहींना मागच्या दाराने गुपचूप बाहेर सोडणे.

निववण्याच्या तऱ्हा

तापवणे बहुतेक वेळा सारखेच, खरी विद्या आहे ती निववण्यात. भट्टी बंद करून वस्तू आतच निवू दिली तर ते ‘ॲनीलिंग’. याने आतला ताण जातो आणि पोलाद नरम पडते. वस्तू बाहेर काढून मोकळ्या हवेत ठेवली तर ते ‘नॉर्मलायझिंग’. याने दाणा बारीक आणि सर्वत्र सारखा होतो, म्हणून ओतीव पोलादाच्या असंख्य वस्तूंना किमान एवढा संस्कार तरी देतात. पाण्यात किंवा तेलात बुडवले तर ‘क्वेंचिंग’, आणि त्यानंतरची ऊब म्हणजे ‘टेंपरिंग’.

टेंपरिंग किती अंशांवर करायचे, हे वस्तूच्या नशिबी काय लिहिले आहे त्यावर ठरते. मालगाडीच्या वाघिणींमधला आकडा घ्या. इंजिनाला लागून असलेल्या पहिल्या आकड्यावर मागच्या पन्नासाहून अधिक वाघिणींची सगळी ओढ येते आणि प्रत्येक वेळी गाडी सुटताना वा थांबताना हिसका बसतो. तो झिजला तर बदलता येतो, पण तुटला तर गाडीचे दोन तुकडे होतात. म्हणजे त्याला चिवटपणा हवा. अशा वस्तूंना ५०० ते ६५० अंशांपर्यंत भरपूर ऊब देतात. उलट माती-मुरूम उकरणाऱ्या पंजाच्या दातांची झीज हाच मुख्य प्रश्न असतो. त्यांना जेमतेम दोनशे-सव्वादोनशे अंशांची ऊब देऊन कडकपणा जपतात.

पाणी देण्यातही खाचाखोचा फार. जाड वस्तूचा पृष्ठभाग पाण्यात क्षणात निवतो, पण गाभा आपल्या चालीनेच निवतो. म्हणजे वरून कडक आणि आतून जुनाच, अशी गत व्हायची. म्हणून जाड वस्तूंच्या पोलादात क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम यांसारखे धातू थोड्या प्रमाणात मिसळतात. त्यांच्यामुळे कर्बाची बाहेर पडण्याची घाई मंदावते आणि गाभ्यालाही कडक व्हायला सवड मिळते. आकारात काटकोनी कोपरा असेल तर निवण्याचा सारा ताण तिथेच एकवटतो आणि पाण्यातून काढताना वस्तू तडकलेली मिळते. म्हणून जाणता आरेखक कोपरे गोलसर ठेवतो, आणि नाजूक आकाराला पाण्याऐवजी तेल वापरतात, ते जरा मवाळ असते.

उलट्या स्वभावाचे पोलाद

इथवर सांगितले ते एका नियमात बसणारे होते. पाण्यात बुडवले की पोलाद कडक होते. आता या नियमाला हरताळ फासणाऱ्या एका पोलादाची गोष्ट.

शेफील्डमध्येच रॉबर्ट हॅडफिल्ड या तरुणाच्या वडिलांची पोलाद ओतण्याची फौंड्री होती. झिजेला पुरून उरेल असे पोलाद शोधण्याचा या मुलाला ध्यास. त्या वेळचा अनुभव असा, की पोलादात मँगनीज धातू जरा जास्त पडला की ते ठिसूळ होते. म्हणून सारे तिथेच थांबत. हॅडफिल्ड थांबला नाही. तो प्रमाण वाढवत गेला आणि १८८२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, बारा-तेरा टक्क्यांच्या आसपास त्याला चमत्कार सापडला. हे पोलाद साच्यातून निघाले तेव्हा ठिसूळच होते, कारण सावकाश निवताना दाण्यांच्या सीमांवर कर्बाच्या संयुगांची कडक, काचेसारखी जाळी धरली होती. पण तेच हजार अंशांवर तापवून पाण्यात बुडवले, तर जाळी विरघळलेलीच राहिली आणि पोलाद मऊ व चिवट झाले! इतर पोलादाला पाण्याने ताठा चढतो, याचा ताठा पाण्याने उतरतो. मँगनीजच्या प्रभावाने याची गरम अवस्थेतली मांडणी थंड झाल्यावरही तशीच टिकते. दरवाजे मिटतच नाहीत. म्हणूनच लोखंडाचे इतके मोठे प्रमाण असूनही याला लोहचुंबक जवळजवळ चिकटत नाही.

खरी गंमत यापुढे आहे. हे मऊ पोलाद जितके बडवावे तितके वरून कडक होत जाते. कडकपणा मोजण्याची ब्रिनेल नावाची पद्धत आहे. तीत ठराविक भाराखाली एक कठीण गोळी पृष्ठभागावर दाबून उमटलेला खळगा मोजतात. पाणी दिलेल्या मँगनीज पोलादाचा ब्रिनेल आकडा दोनशेच्या आसपास असतो, आणि घाव सोसता सोसता पृष्ठभागावर तो पाचशेपर्यंत चढू शकतो. आतला गाभा मात्र मऊ आणि चिवटच राहतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही आपली म्हण या धातूने जणू अक्षरशः घेतली आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ पासून ब्रिटिश सैनिकांच्या शिरस्त्राणांसाठी हेच पोलाद वापरले गेले. याच हॅडफिल्डने पुढे दिल्लीच्या प्राचीन लोहस्तंभाच्या नमुन्याचे रासायनिक पृथक्करणही केले आणि १९१२ मध्ये ते प्रसिद्ध केले.

आपल्या रोजच्या जगण्यात हे पोलाद कुठे भेटते? लोकलच्या सांध्यांवर. एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथे चाकाची कड जायला फट ठेवावीच लागते. ही फट ओलांडताना प्रत्येक चाक पुढच्या निमुळत्या नाकावर आदळते. गाडी सांधे बदलताना पायाखाली खडखडाट होतो, त्यात या घावांचाही आवाज असतो. बारा डब्यांच्या लोकलला अठ्ठेचाळीस आस. म्हणजे एक गाडी गेली की त्या नाकावर अठ्ठेचाळीस घाव. दिवसाला दोनशे गाड्या धरल्या तर साडेनऊ हजारांच्या वर, आणि वर्षाला पस्तीस लाख. रेल्वेची माणसे ज्याला ‘सीएमएस क्रॉसिंग’ म्हणतात, ते ओतीव मँगनीज पोलादाचे क्रॉसिंग हा मार खाऊन अधिक कडक होत जाते. काही देशांत तर ते बसवण्यापूर्वीच त्याच्यावर स्फोटकांचा पातळ थर उडवून त्याला असा मार आगाऊच देतात.

मात्र याचाही हट्ट सांभाळावा लागतो. खडीच्या यंत्रात काळा पाषाण फुटत असेल तर मँगनीजचे जबडे झकास टिकतात. पण घाव न बसता नुसती वाळू घासत राहिली तर ते कडक होतच नाहीत आणि भराभर झिजतात. तिथे दुसरी जात हवी. आणि याला पुन्हा तापवणे तर फारच धोक्याचे. तीनशे-चारशे अंशांच्या पुढे ते फार वेळ राहिले की ती काचेची जाळी परत धरू लागते. जबड्याला भेग गेली म्हणून ओळीने वेल्डिंग मारत बसणारा कारागीर भेग बुजवतो आणि शेजारचा धातू ठिसूळ करून ठेवतो. जाणकार वेल्डर थोडेसे काम करतो, थांबतो, निवू देतो आणि मगच पुढे जातो.

न दिसणारे काम

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत फेरी मारली, तर ओतकाम ही केवढी मोठी विद्या आपल्या घरात आहे ते कळते. तिथल्या फौंड्र्यांचे बरेचसे काम बिडाचे, पण बिडाचे असो की पोलादाचे, फौंड्री म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ओताचेच दृश्य येते. ठिणग्यांचा पाऊस, वितळलेल्या धातूची धार. पोलादाच्या फौंड्रीत त्यानंतरचे काम मात्र कोणी पाहायला येत नाही. भट्टीचे दार बंद असते. आत वस्तू तापत असते, बाहेर एक माणूस तापमानाच्या आलेखाकडे पाहत बसलेला. साधारण पंचवीस मिलिमीटर जाडीला एक तास, असा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे शंभर मिलिमीटर जाड वस्तू नुसती हव्या त्या तापमानाला चार तास ठेवायची. तिथवर चढायला लागणारा वेळ वेगळा. मँगनीज पोलाद तर सुरुवातीला फार हळू तापवावे लागते, नाही तर ते भट्टीतच तडकते. शेवटी दार उघडल्यापासून ती लाल-केशरी वस्तू पाण्यात पडेपर्यंतचे काही क्षण निर्णायक असतात. क्रेन अडखळली, मिनिटभर उशीर झाला, हौदातले पाणी आधीच्या ओताने कोमट झालेले असले, तर सगळ्या रात्रीची मेहनत वाया.

आणि मोह इथेच उभा राहतो. एक टन पोलाद नऊशे अंशांवर न्यायचे तर भट्टीची गळती सोडूनसुद्धा दीडशे युनिटांहून अधिक वीज किंवा तेवढ्या उष्णतेचे इंधन जळते. चार तासांचे तीन केले, भट्टीत वस्तू जरा दाटीवाटीने रचल्या, टेंपरिंग उरकते घेतले, तर पैसे वाचतात. वस्तू रंगवून चकचकीत केली की काही कळत नाही. वजन तेच, माप तेच. लोहचुंबक लावून पाहिला तर तो फार तर एवढेच सांगेल की हे मँगनीज पोलाद असावे. त्याला पाणी नीट मिळाले की नाही, हे तो सांगत नाही.

म्हणून या धंद्याने साक्षीदार निर्माण केले आहेत. ज्या धातूतून वस्तू ओतली त्याच धातूची एक कांडी सोबत ओततात. ती वस्तूबरोबर त्याच भट्टीत जाते, त्याच पाण्यात पडते आणि मग वस्तूच्या वतीने हौतात्म्य पत्करते. तिला ताणून तोडतात, खाच पाडून हातोड्याच्या एका तडाख्यात मोडतात आणि त्या मोडण्याला किती शक्ती लागली ते मोजतात, वाकवून पाहतात, घासून सॉर्बीच्या रीतीने सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. भट्टीच्या तापमानाचा आलेख वस्तूच्या क्रमांकासह जपून ठेवतात. मायरला पॅरिसमध्ये सबंध घंटा फोडावी लागली होती, आज एका कांडीवर भागते. अर्थात कांडी खरोखर त्याच भट्टीत गेली होती आणि आलेख खरोखर त्याच रात्रीचा आहे, एवढा प्रामाणिकपणा गृहीत धरूनच. यंत्रे तापमान मोजतात, प्रामाणिकपणा मोजण्याचे यंत्र अजून निघालेले नाही.

घेणाऱ्याचीही इथे जबाबदारी आहे. खडीवाला असो की सरकारी खाते, किलोच्या भावाने ओतीव वस्तू घेणारा आणि सर्वांत स्वस्त निविदा डोळे मिटून पत्करणारा, भट्टीतले ते तास कमी करायला नकळत उत्तेजनच देतो. किलोत धातू मोजला जातो, संस्कार नाही. ज्याला तो हवा त्याने भावाबरोबर कांडीचा अहवाल आणि भट्टीचा आलेखही मागावा. चांगला फौंड्रीवाला तो आनंदाने देतो, कारण त्याची खरी मिळकत तीच असते.

लोकलच्या दारात लटकणाऱ्या माणसाला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. पायाखाली सांधा खडखडतो, गाडी किंचित डुलते आणि रुळ बदलून पुढे निघते. तेवढ्या वेळात अठ्ठेचाळीस घाव पडून गेलेले असतात. ते सोसणाऱ्या पोलादाला कधी तरी, कुठल्याशा फौंड्रीत, अपरात्री जागणाऱ्या एका माणसाने घड्याळाकडे पाहत पुरे तास दिले होते आणि वेळेवर पाणी दिले होते. त्याच्या कामाची पावती एकच, ती म्हणजे काहीही न घडणे.